तिसऱ्या बोडीचे मासे

९ जुलै १९७८, रविवार

आज चार हंडे बोटुकली आली. बोटुकली म्हणजे माशांची पिल्ले, रोहू आणि कतला. सांडपाणी योजनेच्या नागपूरच्या साहेबांनी जीपमधून आणली आणि हिरालालने ती तिसऱ्या बोडीत सोडली. नवऱ्याचे नाव लिहिले, कारण ही वही कोणी वाचणार नाही. मी शिकवते त्या बालवाडीची जुनी हजेरी आहे, मागची पाने कोरी होती. मनातले कुठे ओकले नाही तर एखाद्या दिवशी कोणाच्या तरी तोंडावर ओकेन, आणि ते तोंड नगराध्यक्ष केशवरावांचे असेल.

साऱ्या गावाची नाली आता आमच्या बांधीत येते. बांधी म्हणजे आमचे धानाचे शेत होते. माझ्या सासऱ्याने पडीत फोडून केलेले. आमच्या वस्तीत स्वतःच्या नावाची जमीन असलेला तो पहिला माणूस. तिथे नगरपालिकेने तीन बोड्या, म्हणजे तळी, खोदल्या. पहिलीत घाण येते, दुसरीत ती तळाला बसते आणि पाणी हिरवे होते, तिसरीत निवळते आणि मग नाल्याने वैनगंगेला जाते. लोक तिला घाणबोडी म्हणतात. तीनही बोड्यांना एकच नाव.

जमीन घेतली तेव्हा मी नगरपालिकेत गेले होते. लागूनच केशवरावांची स्वतःची पडीत आहे. मी सरळ विचारले, "तुमची पडीत बाजूले आहे, मंग आमचीच काहून?" ते सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "मंगलाबाई, घाण कुठीतरी जाईनच ना? तुमच्या लोकायले सवय आहे." सगळे हसले. दारातला शिपाईही हसला. हे माझ्या बाजूला उभे होते. पुढच्या महिन्यात त्याच जागेवर रोजंदारीचे चौकीदार झाले.

दोन वर्षे झाली. ते हसू अजून माझ्या कानात आहे. मी ते विसरणार नाही आणि त्यालाही विसरू देणार नाही.

साहेब आज ह्यांना म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत मासे जगले आणि वाढले तर पाणी पास. पाणी पास झाले की योजनेचा दुसरा टप्पा मंजूर, आणि हे कायम. नाही तर केशवरावाने "उद्यापासून येऊ नोको" म्हटले की संपले. जमीन गेलीच आहे, कामही जाईल.

संध्याकाळी हे खूश होते. "मंगले, तिसऱ्या बोडीचं पाणी पाहून घे एकदा. तळ दिसते."

मी म्हटले, "दिसो. मी नाकाले पदर लावूनच येईन."

२३ जुलै

पावसाने पहिल्या बोडीची लोखंडी जाळी सारखी तुंबते. हे दाताळ्याने तिच्यातला कचरा ओढतात, मग हात घासून घासून धुतात आणि तिसऱ्या बोडीवर जाऊन माशांना कोंडा टाकतात. हाताने, चिमटीचिमटीने. मला लग्नात घास भरवतानाही ह्यांनी एवढी काळजी घेतली नव्हती.

३ सप्टेंबर

काल पोळा झाला. आज सकाळी पोरांनी पळसाच्या फांद्यांची मारबत काढली, गावाची पीडा शिवेबाहेर टाकायची. आपण हे सगळे सोडून दिले, पण आवाज तर घरात येतोच. "खोकला-पडसं घेऊन जा गे मारबत! माशा-मच्छर घेऊन जा गे मारबत!" मी भांडी घासत होते. मनातल्या मनात ओरडून घेतले, "केशवरावाले घेऊन जा गे मारबत!" बाबासाहेब माफ करतील.

मारबत शिवेवर फेकतात. शीव म्हणजे आता आमची घाणबोडीच. दुपारी जाऊन पाहिले तर पळसाच्या फांद्या बोडीच्या पाळीवर पडल्या होत्या आणि केशवराव सायकल-रिक्षात बसून पान खात नदीकडे चालले होते. मारबत काही त्यांना नेत नाही. मलाच काहीतरी करावे लागेल.

१२ ऑक्टोबर

दीक्षाभूमीवरून आज परत आलो. गर्दीत पाय सुजले, पण मन भरून आले. तिथे माझ्यासारख्या बायका पाहिल्या की आपण एकट्या नाही असे वाटते. एसटीतून उतरलो तशी गावाची नाली दिसली आणि केशवराव आठवले. मन भरून येणे तिथेच संपले.

हे घरी न येता आधी बोडीवर गेले. परत आले ते हात पसरून दाखवत, एवढा झाला म्हणाले. मग जरा लाजून म्हणाले, "एखादा आणू का? खाऊन पाहू आपण."

मी म्हटले, "त्या नालीतला मासा माह्या चुलीवर नाही चढाचा."

उठून बाहेर गेले. रुसले असतील. रुसू देत, सगळ्या गावाचे संडास-मोरी त्या पाण्यात येते आणि म्हणे खाऊन पाहू.

मग जनाबाई आली. ढिवरांची जनाबाई, डोक्यावर टोपली घेऊन घरोघर मासे विकते. मी झिंगे घेतले. बोलता बोलता ती म्हणाली, "अध्यक्षसायबाच्या घरी जातो आता. थ्याले डोकसं लागते माशाचं. डोकसं नसन तं जेवतच नाही थो माणूस."

मी झिंगे सुपात निवडत होते. हात थांबला. एवढी सोपी गोष्ट मला इतके दिवस सुचली नाही.

१६ ऑक्टोबर

जनाबाईला सांगितले: तिसऱ्या बोडीचे मासे मी देते, तू ते केशवरावांच्या घरी वीक. आधी ती घाबरली.

"बाप्पा! कोणाले समजलं तं माही टोपली नाल्यात फेकतीन."

"समजणार कसं? मासा काय बोलते?"

"तुले काय पाह्यजे त्याच्यात?"

"काही नोको. फक्त त्याच एका घरी द्याचे. दुसऱ्या कोणाले नाही."

तिच्या लोकांचा मोठा तलाव मागच्या साली केशवरावाने आपल्या भाच्याच्या नावावर करून घेतला. तिच्या घरचे आता नदीत जाळे टाकतात आणि मिळेल ते आणतात. शेवटी उठली आणि टोपली डोक्यावर घेतली. "मासा भल्ला असन तं आण," म्हणाली. "लहान थो घेत नाही."

१ नोव्हेंबर

पहिला गेला.

मी दुपारी ह्यांचे जेवण घेऊन जाते. जेवण झाले की हे पहिल्या बोडीवर जाळी साफ करायला जातात, मध्ये बेशरमाची झाडी आहे, दिसत नाही. मी कणकेची गोळी गरीला लावून तिसऱ्या बोडीच्या पाळीवर बसले. सिहोऱ्याला माहेरी लहानपणी पुष्कळ गरी टाकली आहे, हात विसरला नव्हता. चांगला अर्धा किलोचा रोहू. पदराखाली घेऊन आले. लुगड्याला वास लागला असेल म्हणून दोनदा धुतले.

संध्याकाळी जनाबाई दारावरून जाताना फक्त हसली. रात्री जेवताना मला एकदम भूक लागली. कितीतरी दिवसांनी दोन वेळा भात घेतला. हे म्हणाले, "आज काय आहे?" मी म्हटले, "काही नाही, दिवाळी आहे."

१९ नोव्हेंबर

काल मंडई झाली, दिवाळीनंतरची जत्रा. गावात पाहुणेच पाहुणे. तीन मोठे मासे दिले जनाबाईला. नाटकाच्या आधी केशवराव स्टेजवर चढले, हार घातला आणि माइकवर बोलले, "आमच्या गावचं पाणी अन् आमच्या वैनगंगेचा मासा, याची चव ज्यानं घेतली थो दरवर्षी मंडईले येते." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकांत बसले होते. मी सर्वांत जोरात वाजवल्या.

मला हसू आवरेना. शेजारची म्हणाली, नाटक तर अजून सुरूच नाही झाले.

खा. पोटभर खा. तुझ्याच नालीचे आहे.

१३ डिसेंबर

आज हादरले. शाळेत निरोप आला की रंभाबाईंना ओकाऱ्या होत आहेत. रंभाबाई म्हणजे केशवरावांची बायको. बाई वाईट नाही. एकदा उन्हाळ्यात बालवाडीच्या पोरांसाठी तिनेच न सांगता गडवाभर ताक पाठवले होते.

दिवसभर पोरांना मी काय शिकवले मला आठवत नाही. सुटल्यावर हिंमत करून त्यांच्या घरी गेले. मागच्या दाराने. ती खाटेवर पडली होती.

"काय झालं बाई? मासे-बिसे बाधले का?"

"मासे? अवो मंगलाबाई, मी माळकरी. मी त्याले हात बी लावत नाही. यायचं वेगळ्या चुलीवर, वेगळ्या गंजात, गडीच रांधते. मले पित्त झालं."

मी बाहेर आले आणि बोरीखाली बसून हसले. मग थोडी रडले. लिहून ठेवते, कारण खरे आहे: ती मेली असती तर मी जगले नसते. पण ती मासे खात नाही म्हटल्यावर माझा राग पुन्हा साफ झाला. त्या घरात सारे त्याच एका पोटात जाते आहे. उद्या पुन्हा गरी टाकीन.

८ जानेवारी १९७९

नालीला आज आंबट वास येत होता. केशवरावांच्या मिलमध्ये उकड्या तांदळासाठी धान भिजवतात, त्या पाण्याचा असा वास असतो. शाळेपर्यंत आला. पोरांनी नाके दाबली.

हे उशिरा आले. कोपरापर्यंत चिखल, नखांत माती. फावडे धुवून भिंतीला लावले. जेवले नाहीत. थंडी लागली म्हणाले. मी आल्याचा चहा दिला, तोही अर्धा ठेवला. उन्हात बसत नाहीत, दिवसभर पाण्यात हात. म्हातारे होत चालले आहेत. उद्यापासून जेवणासोबत तिळाची चटणी द्यावी.

२४ जानेवारी

मासे आजकाल गरीला लागत नाहीत. दुपारभर बसले तेव्हा एक लागला. पण काय मासा! पहिल्यापेक्षा दुप्पट. थोडेच लागतात पण मोठेच लागतात. थंडीत खाली जाऊन बसतात, माहेरी बाप सांगायचा.

जनाबाई सांगत होती, केशवराव तिला म्हणाले, असा मासा अख्ख्या जिल्ह्यात मिळत नाही, कोणत्या डोहातला आहे सांग. तिने सांगितले, "मोठ्या डोहातला, सायेब. तुमच्याच भागातला."

११ फेब्रुवारी

हे पाळीवर बसून पाण्याकडे पाहत राहतात. आज मी जेवण घेऊन गेले तरी मान वळवली नाही. मग म्हणाले, "मासे दिसून नाही राहिले, मंगले."

मला माझी गरी आठवली. पण मी हुशार आहे. म्हटले, "थंडीनं खाली गेले असतीन. उन्ह तापू दे, येतीन वर."

"हं," म्हणाले. "असतीन खाली."

चार हंडे सोडले होते. त्यातले मी पंधरा-वीस घेतले असतील. त्याने काय बिघडते? समुद्रातून लोटाभर पाणी. तरी आठवडाभर गरी टाकणार नाही.

१८ फेब्रुवारी

राहवले नाही. नगरपालिकेसमोरून जात होते, केशवराव पायऱ्यांवर उभे राहून कोणाला तरी सांगत होते, "हिरालाल? तो आपला नालीवाला?" आणि ढेकर दिला. दुपारीच जाऊन बसले. कतला लागला, ओढताना हाताला दोरी कापली. ह्यांनी विचारले तर विळा लागला म्हटले.

१५ मार्च

होळी झाली. केशवरावांचे पोट बंडीबाहेर आले आहे. लोक म्हणतात, अध्यक्षांची तब्येत सुधारली. मी म्हणते, सुधारू द्या.

शेवटचा दिला. आता पुरे. आता साहेब येणार, मासे दाखवायचे आहेत. हे कायम झाले की एक दिवस मी त्याला स्वतः सांगणार आहे. कुठे आणि कसे ते ठरवून ठेवले आहे: चौकात, बाजाराच्या दिवशी, लोकांसमोर. ज्या आवाजात तो बोलला होता त्याच आवाजात, सुपारी कातरत.

२१ एप्रिल

मंगळवारी साहेब येणार. ह्यांनी पाळीवरचे गवत कापले, जाळीला रंग दिला. पण चेहरा सुतकी. मी म्हटले, "आता तं हासा. कायम होणार ना तुमी?"

हे रंगाचा ब्रश पुसत राहिले. मग म्हणाले, "नाही झालो तं लाखांदूरले जाऊ. तिथं धानाच्या मिलवर हमाल लागतात."

असे का बोलतात? परीक्षेची भीती वाटते म्हणायचे. बालवाडीतही काही पोरे अशीच असतात, येत असून रडतात.

२४ एप्रिल, मंगळवार

सगळे लिहायचे आहे.

साहेब दहाच्या सुमारास आले. केशवराव, नगरपालिकेची माणसे, अर्धे गाव पाळीवर. जनाबाईच्या घरच्या पुरुषांना जाळे टाकायला बोलावले होते. मासे भरायला जनाबाई टोपली घेऊन उभी होती. मी बालवाडीला सुट्टी दिली होती.

पहिल्यांदा जाळे ओढले. शेवाळ, बेडूक. लोक हसले. दुसऱ्यांदा ओढले. बोटाएवढे तीन-चार मासे. तिसऱ्यांदा काठाकाठाने ओढले, तरी तेच. मी ह्यांच्याकडे पाहिले. ह्यांना नवल वाटले नव्हते. हे नुसते पाण्याकडे पाहत होते, आणि तेव्हा मला कळले की ह्यांना आधीपासून माहीत होते. काय माहीत होते ते मला कळले नाही.

साहेब म्हणाले, "मासे मेले असणार. पाणी माशांना मानवलेले नाही. मला तसेच लिहावे लागेल."

केशवराव ह्यांच्यावर ओरडले, "मासे बी मारून टाकले का गा? एवढंच एक काम होतं तुले! उद्यापासून येऊ नोको."

हे मान खाली घालून "जी" म्हणाले. त्या "जी"ने माझ्या अंगाची आग झाली.

मी पुढे गेले. "मासे मेले नाही, सायेब."

"मग कुठे गेले?"

"यायनं खाल्ले." मी बोट केशवरावांकडे केले. चौकात नाही, सुपारी कातरत नाही, आवाजही माझा फाटला. "दिवाळीपासून होळीपर्यंत. दर बुधवारी. म्या इथून गरीनं काढले अन् यायच्या घरी पाठवले."

केशवराव आधी समजलेच नाहीत. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू चढत गेले. मी दोन वर्षे ज्याची वाट पाहिली ते मी डोळे न मिटता पाहिले.

"खोटी आहे ही बाई!"

जनाबाई टोपली खाली ठेवून पुढे आली. "खोटं नाही, सायेब. म्याच नेऊन दिले. डोकसं यायलेच लागे. मंडईच्या पाहुण्यायनं बी हेच खाल्ले."

"चोरी आहे ही! नगरपालिकेचे मासे! पोलिसात देईन!"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मला वाटते हसू लपवायला. म्हणाले, "द्या ना तक्रार. चोरीचा माल कोणाच्या घरी सापडला तेही लिहावे लागेल." मग गंभीर झाले. "अध्यक्षसाहेब, मला एकच गोष्ट कळायला हवी. खाऊन काही त्रास झाला का? झाला असेल तर योजना इथेच थांबली, दुसरा टप्पा विसरा. नसेल झाला तर मासे वाढले आणि खाण्यालायक होते असे लिहितो."

दुसऱ्या टप्प्याचे भूमिपूजन केशवरावांनी आधीच ठरवून ठेवले आहे, पत्रिका छापल्या आहेत. त्यांनी साहेबांकडे पाहिले, लोकांकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले.

"नाही झाला."

"मासे कसे होते?"

त्यांनी उपरण्याने तोंड पुसले.

"चांगले होते," केशवराव म्हणाले.

आणि पाळीवरचे अर्धे गाव हसले. नगरपालिकेच्या दारातला तो शिपाईही हसला. केशवराव पाळीखाली उतरून शेणाच्या ढिगामागे गेले आणि तिथून ओकण्याचा आवाज आला. साहेब लिहू लागले.

मी ह्यांच्याकडे पाहिले. वाटले होते, हसतील. हे हसले नाहीत. पाण्याजवळ उकिडवे बसले होते आणि दोन्ही हात पाण्यात होते.

त्याच दिवशी, संध्याकाळ

घरी आल्यावर सांगितले. पुसाच्या महिन्यात, त्या आंबट वासाच्या दिवशी, केशवरावाच्या मिलचे पाणी रात्रभर नालीत सुटले होते. सकाळी तिसरी बोडी मेलेल्या माशांनी पांढरी झाली होती. ह्यांनी एकट्याने पाळीमागे खड्डा केला आणि सगळे गाडले.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू त्याच्या मिलवर जाऊन भांडली असती. माहं काम गेलं असतं." मग थांबून म्हणाले, "थोडे वाचले होते. चांगले दणकट. म्या म्हटलं, एवढे जगले तरी पाणी पास होईन. मंग थे बी एकएक करून दिसेनासे झाले. मले वाटलं, पाण्यातच काही राहिलं. माह्यानं साफ नाही होऊन राहिलं. तीन महिने मी हेच पाहत बसलो, मंगले."

मी म्हटले, "तुमी मले इचारलं असतं तं."

"तू मले सांगतलं असतं तं."

मिलचे कळल्यावर केशवरावाचा आणखी राग यायला हवा होता. आलाही. पण नेहमीसारखा गोड लागला नाही.

२ जून

हुकूम आला. हे कायम झाले. सही केशवरावांचीच. साहेबांच्या अहवालात त्यांचे नाव आहे म्हणे, खाणारा म्हणून.

गावातली पोरे त्यांना पाहिले की "चांगले होते!" ओरडून पळतात. ते आता मोठ्या रस्त्याने जात नाहीत, मागच्या गल्लीने जातात. मी काल दोनदा मुद्दाम मागच्या गल्लीने गेले. जनाबाईला त्यांच्या घरी बंदी आहे, पण बाकी गाव तिला हाका मारून बोलावते, सगळ्यांना तिच्या तोंडून ऐकायचे असते.

सगळे मनासारखे झाले. हे खाकी घालून कामावर जातात, वेळेवर येतात, वाढले ते खातात. माझ्याशी "हो" आणि "नाही" एवढेच बोलतात.

१० जून, रविवार

आज ह्यांनी मासा आणला. तिसऱ्या बोडीचा. त्या दिवशी जाळ्यातून सुटलेला कतला, तळाच्या खळग्यात राहिला होता. एखादा खायला हरकत नाही असे साहेबांनीच पत्र पाठवून कळवले.

मला काही न विचारता स्वतः साफ केला, स्वतः चूल पेटवली. जवसाचे तेल, लसूण, आंबाडीचा खट्टा. वीस वर्षांत ह्यांना चुलीपुढे बसलेले पाहिले नव्हते. मग दोन ताटे वाढली. डोके माझ्या ताटात घातले.

"खाय."

"मले भूक नाही."

"भूक नाही का किळस येते?"

मी ताटाकडे पाहिले. मला त्या जाळीतला कचरा दिसत होता.

हे म्हणाले, शांतपणे, "मी तीन वर्षं त्या पाण्यात उभा आहो. थे साफ करून राहिलो. केशवराव म्हणे, घाण आहे. तू बी घाण समजूनच त्याले चारली. मंग त्याच्यात अन् तुह्यात फरक काय, मंगले?"

हे जेवले. सावकाश, चवीने. काटे बाजूला काढले, ताट धुतले आणि बाहेर खाटेवर जाऊन बसले. पाठ माझ्याकडे.

मी ताट जवळ ओढले.

आता ताटापुढे बसूनच लिहिते आहे. रस्सा गार झाला. आधी श्वास धरून एक घास घेतला. मग श्वास सोडून दुसरा. चिखलाचा वास नाही. कसलाच वास नाही. मांस पांढरे, घट्ट, आणि गोड. असा मासा मी सिहोऱ्याला खाल्ला नाही, वैनगंगेचा खाल्ला नाही.

म्हणजे केशवराव खरे बोलला होता. मी अख्खा हिवाळा पाळीवर बसून, हाताला दोरी कापून घेऊन, सर्वांत मोठे निवडून त्या माणसाला घरपोच दिले. जिल्ह्यात मिळत नाही असे मासे. आणि ज्याने चिमटीचिमटीने कोंडा टाकून ते वाढवले, त्याच्या ताटात मी एकही पडू दिला नाही.